सोडलेला मासा आणि न सोडलेले फळ

गीतेचे नित्य वाचन करणाऱ्या मनुष्याला कधी कधी असा एखादा प्रश्न विचारला जातो की, त्याचे उत्तर त्याला तत्काळ सुचते. आणि तत्काळ सुचले म्हणूनच त्या उत्तराविषयी सावध राहणे अवश्य असते. काही वर्षांपूर्वी मजवर असा प्रसंग आला. एका संस्कृत ग्रंथाचा अनुवाद पूर्ण करावयाचा होता व घरी निवांतपणा मिळेना, म्हणून ज्येष्ठ महिन्यात हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यात, तीर्थन नदीच्या खोऱ्यात, एका कुटुंबाकडे मी तीन आठवडे जाऊन राहिलो. त्याच घरी एक पंजाबी सद्गृहस्थ उतरले होते. आयुष्यभर अभियंत्याचे काम करून ते निवृत्त झाले होते. पहाटे हातात लांब, लवचिक काठी घेऊन ते नदीत उतरत आणि दिवस वर येईपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे राहून ट्राउट नावाचे मासे गळाने धरीत. सायंकाळी हातपाय धुऊन गीतेचा एक अध्याय वाचावा, असाही त्यांचा नेम होता.

एके दिवशी अध्याय संपल्यावर त्यांनी मला विचारले, “पंडितजी, मी मासा धरतो आणि त्याच क्षणी पुन्हा पाण्यात सोडून देतो. आजवर एकही मासा मी घरी आणला नाही. कर्म करतो, फळ घेत नाही. मग याला निष्काम कर्म का म्हणू नये?”

मी उत्तरलो, “साहेब, मृगया ती मृगयाच. जीवाला यातना देऊन करमणूक करावयाची आणि वर तिला गीतेचे नाव द्यावयाचे, हे दुहेरी पाप आहे.” जवळ बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. त्या सद्गृहस्थांनी काही न बोलता हात जोडले व ते उठून गेले.

त्या रात्री मी समाधानाने झोपलो. सकाळी मात्र मनाला टोचणी लागली. ज्या गोष्टीविषयी मी निर्णय दिला होता, ती गोष्ट मी धड पाहिलीही नव्हती. पुढील दिवसांत मी त्यांच्याबरोबर नदीवर गेलो, पाहिले, विचारले आणि परत आल्यावर वाचलेही. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण प्रश्न वरवर पाहता माशाचा असला तरी तो प्रत्येक गृहस्थाश्रमी मनुष्याचा आहे.

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. सामान्य गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. या प्रकारात तसे आमिष नसते. बारीक गळावर पिसे, केस आणि रेशमी धागा गुंडाळून नदीवर उडणाऱ्या कीटकासारखी एक खोटी माशी बनवितात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर दूर जात नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते, आणि काठीच्या झोक्याने ती दोरी हवेत उलगडत जाऊन माशी पाण्यावर अलगद उतरते. ही युक्ती फार प्राचीन आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे धरीत असल्याचे वर्णन केले आहे. इंग्लंडात १४९६ मध्ये या विषयावरील एक लहान प्रबंध छापला गेला. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला आणि १६७६ मध्ये चार्ल्स कॉटन यांनी त्याला माशीच्या गळाचा भाग जोडला. तेव्हापासून तिकडील अनेक विचारी माणसांनी हा छंद चिंतनाचे साधन मानला.

ट्राउट हा आपल्याकडचा मासा नव्हे. १८९९ मध्ये काश्मीरसाठी विलायतेहून पाठविलेली त्याची अंडी वाटेतच नष्ट झाली; पुढील वर्षी, १९०० मध्ये, स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र जगली. कुलूच्या खोऱ्यात १९०९ पासून त्याची पैदास सुरू झाली आणि बियास व तिला मिळणाऱ्या तीर्थनसारख्या नद्यांत तो रुजला. साहेबांनी आपल्या खेळासाठी समुद्रापार आणलेला हा जीव आज तेथील डोंगराळ गृहस्थांच्या उपजीविकेचेही एक साधन झाला आहे. हिमाचलात त्याच्या शिकारीला परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे त्याच्या विणीचे चार महिने गळ टाकण्यास बंदी असते.

आता त्या सद्गृहस्थांची बाजू सांगतो, आणि ती जितकी बळकट आहे तितकीच बळकट सांगतो. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा आमच्या पाठशाळेत दोष मानला जाई. त्यांच्या गळाचा उलटा काटा त्यांनी चिमट्याने दाबून टाकलेला असे, म्हणजे गळ सहज निघावा. माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण त्याचे रोगांपासून रक्षण करते. कोरड्या हाताने ते निघून जाते, म्हणून हात ओला केल्याखेरीज ते माशाला शिवत नसत. मासा शक्यतो पाण्याबाहेर काढीत नसत. ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी सुमारे २० अंशांच्या वर तापले तर झुंजीने दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, म्हणून ते खिशात तापमापक बाळगीत. थकलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपटी हलवून निघून जाईपर्यंत, ते त्याला पाण्यातच सांभाळून धरीत. नदीचा कोणता दगड कोठे आहे, कोणता कीटक कोणत्या महिन्यात पाण्यातून वर येतो, हे सारे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला मे-फ्लाय नावाचा कीटक दाखविला. बहुधा वर्षभर तो पाण्याखाली दगडांना धरून राहतो. पंख फुटल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडही उरत नाही, आणि एखाद-दुसऱ्या दिवसात त्याचे आयुष्य संपते. नदीकडे इतक्या लक्षाने पाहणारा मनुष्य मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. नदीकाठी रोज संध्या करणारे आम्ही अनेकजण तिच्याकडे पाठ करून बसतो, हे मला त्या दिवशी जाणवले.

तरीही प्रश्न उरतोच. माशाला वेदना होते काय? ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे ओठ खड्यांवर घाशीत व बराच वेळ अन्न घेत नसत. उलट जेम्स रोज यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे असे की, मनुष्याच्या मेंदूतील ज्या भागामुळे वेदनेची जाणीव होते तो भाग माशाला नाही, म्हणून त्याची हालचाल ही केवळ प्रतिक्रिया होय. हा वाद विद्वानांनी चालवावा. आपल्यापुढे धर्माचा प्रश्न आहे तो एवढाच की, संशय असता त्याचा लाभ कोणाला द्यावा? जेथे एका पारड्यात माझी करमणूक आणि दुसऱ्यात दुसऱ्याची संभाव्य यातना आहे, तेथे संशयाचा लाभ करमणुकीला देणे न्यायाचे दिसत नाही.

यावर दोन देशांनी केलेले नियम विचार करण्यासारखे आहेत. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या पशुसंरक्षण नियमांनी असे ठरविले की, सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाने धरणे निषिद्ध आहे. आधारभूत विचार असा की, जीवाला त्रास द्यावयाचा तर त्याला योग्य कारण हवे. अन्न हे कारण आहे, खेळ हे नव्हे. म्हणजे आमचे अभियंते ज्या गोष्टीला आपले पुण्य समजत, तीच तेथे दंडनीय आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन सरोवराचे. तेथील मूळचा ट्राउट म्हणजे कटथ्रोट. त्याच्या गळ्याखाली तांबडा पट्टा असतो. १९९४ मध्ये त्या सरोवरात लेक ट्राउट हा बाहेरचा, मोठा व मासे खाणारा मासा आढळला. त्याने कटथ्रोटचा फडशा पाडण्यास आरंभ केला. कटथ्रोट अंडी घालण्यास लहान ओढ्यांत चढतो, तेथे अस्वले, पाणमांजरे व मत्स्यभक्षी पक्षी त्याच्यावर जगतात. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यातच राहतो व कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून तेथे नियम असा की, कटथ्रोट गळाला लागला तर तो जिवंत सोडलाच पाहिजे, आणि त्या सरोवरातील लेक ट्राउट लागला तर तो जिवंत सोडता कामा नये. मनुष्य तोच, गळ तोच, दिवसही तोच. एका माशाला सोडणे हे कर्तव्य आणि दुसऱ्याला सोडणे हा अपराध!

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘सोडणे’ ही क्रिया स्वतः पुण्यही नव्हे व पापही नव्हे. तीर्थनमध्येही हेच लागू पडते. तेथील मूळचा असेला मासा मुख्यतः दगडावरील शेवाळ खरवडून पोट भरतो. ब्राऊन ट्राउट मोठा झाला की लहान मासे खातो. विलायती ट्राउट सोडून दिला म्हणजे कोणाचीच हानी केली नाही, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. हाताने सोडले एवढ्याने कर्म सुटत नाही.

मग त्या सद्गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. ते म्हणत होते, “मी फळ घेत नाही.” येथे सारा विचार ‘फळ’ या शब्दापाशी अडतो. कोळ्याच्या गळाचे फळ मासा हे आहे. त्याने तो सोडला तर त्याने खरोखर फळ सोडले, कारण त्या रात्री त्याच्या घरी चूल पेटणार नाही. परंतु जो मासा खाण्यासाठी आलाच नाही, त्याच्या कर्माचे फळ मासा कसे असेल? त्याचे फळ म्हणजे दोरीला बसणारा तो पहिला हिसका, काठीची वाकलेली कमान आणि छातीत उठणारी ती उसळी. मासा हातात येईपर्यंत हे फळ पूर्णपणे भोगून झालेले असते. नंतर पाण्यात जाते ती रसहीन चोथट. आंबा चोखून कोय टाकणाऱ्याने ‘मी आंब्याचा त्याग केला’ असे म्हणावे, तसे हे आहे. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील सात्त्विक त्यागाला दोन अटी आहेत: कर्म नियत, म्हणजे कर्तव्य म्हणून प्राप्त झालेले असावे, आणि आसक्ती व फळ दोन्ही सोडलेली असावीत. गळाचा खेळ नियत कर्म नाही, आणि त्यातील आसक्ती तर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची वाट पाहत असते.

आमच्या परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. मनूने राजांची कामातून उपजणारी दहा व्यसने सांगितली, त्यांत मृगयेला पहिले स्थान दिले. याउलट गृहस्थाच्या घरी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी जीवहिंसा होते असे सांगून त्याने गृहस्थाला धिक्कारले नाही. त्या ऋणाची फेड म्हणून पाच महायज्ञ सांगितले. कालिदासाच्या शाकुंतलात तर या दोन्ही बाजू एकाच नाटकात आहेत. दुसऱ्या अंकात सेनापती राजापुढे मृगयेची स्तुती करतो. अंग हलके होते, लक्ष्यभेद साधतो, लोक तिला उगीच व्यसन म्हणतात, असे त्याचे म्हणणे. सहाव्या अंकात अंगठी सापडलेला गरीब कोळी येतो. शिपाई त्याच्या धंद्याची टिंगल करतात, तेव्हा तो शांतपणे उत्तर देतो की, जन्मप्राप्त कर्म निंद्य दिसले तरी टाकता येत नाही. सेनापतीची वाणी अलंकृत, कोळ्याची साधी. परंतु ज्याला जगण्यासाठी कर्म करावे लागते त्याच्या तोंडी समर्थन कमी आणि सत्य अधिक असते. जो करमणुकीसाठी करतो त्यालाच मोठे समर्थन लागते.

येथपर्यंत माझे त्या रात्रीचे उत्तर बरोबरच होते असे कोणी म्हणेल. तसे नाही, आणि ते का नाही हे मला त्याच सद्गृहस्थांनी शिकविले. नदीवर त्यांच्या शेजारी उभा असता मी विचारले, “त्या दिवशी माझा राग आला का?” ते म्हणाले, “राग नाही, पंडितजी. पण एक विचारू? आपण जन्मात एकही मासा दुखविला नसेल. आपल्या गावच्या नदीत आता मासे किती उरले आहेत?”

मला उत्तर देता आले नाही. ज्या नदीच्या घाटावर मी अमरकोश पाठ केला, तिच्यात आज गावाचे सांडपाणी सुटते. त्यात माझ्या घरचे पाणी आहे, साबण आहे, आणि भक्तिभावाने टाकलेले निर्माल्यही आहे. मी एकही गळ टाकला नाही, आणि त्या डोहातील मासे नाहीसे झाले. पाप करताना मला हिसकाही बसला नाही, म्हणून ते पाप वाटले नाही. तीर्थनच्या पाण्यात मात्र घाण पडलेली दिसली की ते गृहस्थ वाकून ती उचलीत व पिशवीत घालीत. त्यांची पिशवी माशांनी नव्हे, तर प्लास्टिकने भरून येई.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे, परंतु ती सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही. न्यायशास्त्र शिकताना वाद, जल्प आणि वितंडा यांतील भेद आम्हांस घोकविला होता. सत्य कळावे म्हणून करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. त्या सायंकाळी एका सरळ मनुष्याने सरळ प्रश्न विचारला. मी त्याच्या शब्दाला गळ लावला, सर्वांच्या देखत त्याला ओढले, आणि तो निरुत्तर झाल्यावर हसून सोडून दिला. मंडळींच्या डोलणाऱ्या माना हेच माझे फळ होते, आणि ते मी पुरते भोगले होते. नंतर ‘माझा त्यांच्याशी काही द्वेष नाही’ असे मी मनाशी म्हणालो, तेव्हा मीही चोखलेली कोयच पाण्यात सोडीत होतो.

वाचकहो, हा गळ आपणा सर्वांच्या हाती कोठे ना कोठे असतो. दान देऊन घेणाऱ्याच्या डोळ्यांतील लाचारी पाहण्यात गोडी वाटते. सुनेला सर्वांसमक्ष बोलून मग प्रेमाने जवळ घेतले जाते. नोकराला रडवून त्याला बक्षीस दिले जाते. शेवटी आपण सोडून देतो, क्षमा करतो, परत देतो, आणि त्या सोडण्याचे पुण्य पदरी बांधतो. परंतु मधल्या वेळात दुसऱ्याच्या तडफडीतून जे सुख काढून घेतले, त्याचा हिशेब कोणी करीत नाही. म्हणून कर्म निष्काम आहे की नाही, हे शेवटी हातात काय उरले यावरून पाहू नये. त्या कर्मातील कोणती गोष्ट काढून टाकली असता आपले मन त्यातून उडेल, ते पाहावे. तेच आपले फळ.

ही कसोटी मी निघण्याच्या आदल्या दिवशी त्या सद्गृहस्थांना सांगितली, माझ्या उत्तराबद्दल क्षमाही मागितली, आणि महाभारताच्या अनुशासनपर्वातील च्यवन ऋषींची कथा त्यांना ऐकविली. गंगा-यमुनेच्या संगमात बारा वर्षे व्रतस्थ राहिलेले च्यवन कोळ्यांच्या जाळ्यात माशांसह ओढले गेले. घाबरलेले कोळी त्यांना सोडू लागले, तेव्हा ऋषींनी नकार दिला. या माशांबरोबर मी इतकी वर्षे राहिलो आहे. मरेन तर यांच्याबरोबर, विकला जाईन तर यांच्याबरोबर, असे ते म्हणाले. राजा नहुष येऊन त्यांचे मोल ठरवू लागला. राज्यही अपुरे पडले, शेवटी एक गाय हे मोल ठरले. कथेचा शेवट असा की ते मासेही स्वर्गाला गेले आणि ते कोळीही गेले. ऋषींनी कोळ्यांना शाप दिला नाही. पाण्यात राहणाऱ्याचा स्नेह माशावर जडला, तरी जाळे ओढणाऱ्यावरून तो उडाला नाही.

त्यांनी कथा लक्षपूर्वक ऐकली. “मी च्यवन नाही, पंडितजी,” एवढेच ते म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी त्यांचे पत्र आले. त्यांनी आपल्या माश्यांच्या गळाचे टोक पकडीने तोडून टाकले होते. दोरी पूर्वीसारखीच उलगडते, माशी पाण्यावर उतरते, मासा वर येऊन तिला तोंडात घेतो आणि थुंकून निघून जातो. त्यांनी लिहिले होते, “निम्मा आनंद गेला. पहिले आठ दिवस फार जड गेले. उरलेला निम्मा मात्र अजून आहे, आणि तो कशाचा होता हे आता रोज पाहतो आहे.”

ते पत्र मी अनुवादाच्या हस्तलिखितात ठेवले आहे. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर जिभेवर लगेच आले, म्हणजे ते एकदा काढून वाचतो, आणि मग बोलतो.